चुंबक आणि चुंबकीय क्षेत्र: पालक, मुलं आणि नवे मदतनीस यांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाचवी ते दहावीच्या मुलांचा विज्ञानाचा वर्ग चालतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तो सुरू केला. चुंबकाचे चार रविवार आले की व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी तेच प्रश्न येतात. उत्तरं टाइप करून अंगठे दुखायला लागले, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

पहिल्या रविवारी वहीत काहीच लिहून दिलं नाही. व्याख्या कधी देणार?

तिसऱ्या रविवारी. पहिल्या दिवशी मूल सुई बनवतं. शिवणकामाची साधी सुई घ्यायची, पाटावर ठेवायची आणि चुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासायची. परत येताना चुंबक उचलून आणायचा, घासत आणायचा नाही. मुलं इथेच घाई करतात. मग थर्माकोलच्या चकतीवर ती सुई ठेवून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातल्या पाण्यात सोडायची. पंखा बंद. सुई डुलते, फिरते आणि एका दिशेला तोंड करून थांबते. बोटाने वळवली तरी पुन्हा तिथेच येते. आमच्या हॉलमध्ये ती दिशा घोडबंदरची, म्हणजे उत्तरेची.

स्वतः घासलेल्या सुईने उत्तर दाखवली की मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते व्याख्या पाठ करून दिसत नाही. पुढच्या तीनही रविवारी कुठलाही वाद झाला की आम्ही सुईलाच विचारतो. ‘बाई, पुस्तकात असं दिलंय’ याला आमच्या वर्गात उत्तर एकच: सुई काय म्हणते ते बघ.

एक कोडं मात्र पहिल्याच दिवशी घालते. चुंबकाचं उत्तर टोक सुईच्या नाकापासून अणीकडे घासत नेलं, तर अणी उत्तर होईल की दक्षिण? बहुतेक मुलं उत्तर म्हणतात. पाण्यात सोडल्यावर अणी दक्षिणेला जाते. घासणं जिथे संपतं तिथे विरुद्ध ध्रुव तयार होतो.

उत्तर ध्रुव आणि उत्तर ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात. मग सुईचं उत्तर टोक पृथ्वीच्या उत्तरेकडे का ओढलं जातं?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी एक लिमलेटची गोळी देते. आजवर दरवर्षी एक-दोनच गोळ्या संपल्या आहेत.

सुईच्या त्या टोकाचं पूर्ण नाव ‘उत्तर शोधणारं टोक’. बोलताना मधला शब्द गळाला आणि घोटाळा झाला. ते टोक उत्तरेकडे ओढलं जातं, याचा अर्थ पृथ्वीच्या उत्तर बाजूला चुंबकाच्या भाषेत दक्षिण ध्रुव आहे. चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवावर बरोब्बर बसलेला नाही आणि तो एका जागी राहतही नाही. गेल्या शतकात कॅनडाच्या उत्तरेला असलेला तो ध्रुव आता सैबेरियाच्या दिशेने सरकतो आहे. त्यामुळे जगात काही ठिकाणी होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत बरेच अंश फरक पडतो. मुंबई-ठाण्याचं नशीब चांगलं. आपल्याकडे हा फरक एक अंशापेक्षाही कमी आहे, वर्गातल्या होकायंत्रावर दिसणारसुद्धा नाही.

सुई फक्त उत्तरेकडे वळते की खालीही झुकते?

झुकते, आणि पुस्तकातल्या आडव्या होकायंत्रामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. एक लांब सुई मधोमध दोऱ्याने बांधून टांगा. दोरा थोडा इकडे-तिकडे सरकवत ती अगदी समतोल करा, गाठीवर फेविकॉलचा थेंब द्या. मग ती चुंबकित करून पुन्हा टांगा. उत्तरेचं टोक खाली जातं. वजन तर वाढलेलं नाही! पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे जमिनीला समांतर नसून उत्तरेकडे साधारण २६ अंश खाली झुकलेलं आहे. दोऱ्यावरच्या सुईला पूर्ण २६ अंश मिळत नाहीत, कारण गाठ नेमकी गुरुत्वमध्यावर कधीच येत नाही. पण झुकते हे निश्चित. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाल तसा हा कल वाढतो आणि चुंबकीय ध्रुवावर सुई सरळ उभी राहू पाहते.

चुंबकाच्या चित्रात त्याच्याभोवती काढतात त्या बलरेषा खऱ्या असतात का?

नसतात. आणि हे सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, मुलांना कमी आणि पालकांना जास्त.

चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरवला आणि कडेला टिचकी मारली की सुंदर कमानी उमटतात. मुलांना वाटतं, तिथे अदृश्य धागे आहेत आणि कीस त्यांना चिकटला. मी विचारते, दोन रेषांच्या मधे जिथे कीस नाही तिथे चुंबकाचं काही चालत नाही का? लगेच पाण्यावरची सुई तिथे नेऊन बघायची. ती तिथेही वळते. क्षेत्र सगळीकडे आहे, सलग आहे. किसाचा प्रत्येक कण त्या क्षेत्रात तात्पुरता छोटा चुंबक होतो आणि शेजारच्या कणाला डोक्याला शेपूट लावून धरतो. म्हणून रांगा दिसतात. पुन्हा टिचकी मारली तर रांगा वेगळ्या जागी पडतात, पण वळण तेच राहतं. त्यातलं वळण खरं, रांगांची जागा मात्र टिचकीच्या मर्जीची.

म्हणून किसानंतर लगेच आम्ही ठिपक्यांची रांगोळी करतो. मोठ्या कागदावर मधोमध पट्टीचुंबक ठेवायचा, भोवती पेन्सिलीची रेघ मारायची. ध्रुवाजवळ छोटं होकायंत्र ठेवायचं, सुईच्या दोन्ही टोकांशी एकेक ठिपका द्यायचा. मग होकायंत्र पुढे सरकवायचं, इतकं की सुईचं मागचं टोक आधीच्या पुढच्या ठिपक्यावर येईल. नवा ठिपका. असं करत करत दुसऱ्या ध्रुवापर्यंत किंवा कागदाच्या कडेपर्यंत. ठिपके जोडले की एक बलरेषा. एका मुलाला एका तासात सात-आठ रेषा होतात आणि त्या तासात हॉलमध्ये आश्चर्यकारक शांतता असते. रेषा आपण काढली आहे हे हाताला कळलेलं असतं, त्यामुळे ‘दोन बलरेषा एकमेकींना का छेदत नाहीत’ हे वेगळं शिकवावं लागत नाही. एका जागी सुई एकाच दिशेला बघणार, दोन दिशांना कशी बघेल?

चुंबकाचं उत्तर टोक उत्तरेकडे करून ही रांगोळी काढली तर चुंबकाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक जागा अशी सापडते की जिथे सुई गोंधळते, कुठेही थांबते. तिथे चुंबकाचं क्षेत्र आणि पृथ्वीचं आडवं क्षेत्र एकमेकांना पुसून टाकतात. चुंबक उलटा फिरवला की या जागा त्याच्या टोकांच्या समोर, उत्तर-दक्षिण रेषेवर जातात. हे मुलांना आधी सांगायचं नाही. एखादीच्या हाती आपोआप लागतं आणि ती किंचाळते.

लोखंडाचा कीस कुठून आणायचा?

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्याकडे पिशवी घेऊन जा, ‘मुलांच्या प्रयोगासाठी हवाय’ म्हणा, बहुतेक वेळा पैसेही घेत नाहीत. पण लेथखालचं कुरळं भुसकट नको, त्याने बोटं कापतात. कानशीने घासून पडलेली बारीक पूड मागा. तेलकट असते, म्हणून भांड्यांच्या साबणाने धुवायची, लगेच उन्हात वाळवायची, चहाच्या जुन्या गाळणीने चाळायची. पावसाळ्यात ती दोन दिवसांत गंजून तांबूस ढेप होते. औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी डब्यात टाकून ठेवा.

आणि चुंबक नेहमी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच किसाजवळ न्यायचा. एकदा उघड्या चुंबकाला कीस लागला की तो आयुष्यभर दाढी वाढवून फिरतो.

मुलीला मिळालेलं होकायंत्र चक्क दक्षिण दाखवतं. खराब आहे का?

चूक माझी होती. दोन वर्षांपूर्वी मी बारा होकायंत्रं आणि निओडायमियमचे चार चुंबक एकाच डब्यात घालून रिक्षाने आणले. वर्ग सुरू झाला आणि सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, माझ्या सुईची उत्तर मुलुंडला आहे.’ मी तिला म्हटलं, नीट धर. मग तिच्या शेजारच्याचीही मुलुंडला. बारांपैकी चार होकायंत्रं उलटी झाली होती. जोरदार चुंबक जवळ आला की होकायंत्राच्या सुईचे ध्रुवच बदलतात. स्वस्तातल्या सुयांचे तर फारच सहज.

दुरुस्ती दोन मिनिटांची. होकायंत्र तिरकं धरायचं, म्हणजे सुई काचेला टेकून अडकते. मग जोरदार चुंबकाचं दक्षिण टोक काचेवरून सुईच्या शेपटाकडून रंगवलेल्या टोकाकडे ओढत न्यायचं आणि तिथून लांब उचलायचं. दोन-तीन वेळा. मूल म्हणालं तेव्हा ‘नीट धर’ म्हणण्याऐवजी आपण जाऊन बघायला हवं होतं, याचा मला अजून राग येतो.

एकाच हॉलमध्ये दोन कोपऱ्यांत होकायंत्र वेगवेगळी उत्तर दाखवतं. असं का?

कारण हॉल लोखंडाने भरलेला आहे. कॉलममधल्या सळ्या, खिडक्यांचे गज, सोसायटीच्या फायलींचं कपाट, भिंतीपलीकडची लिफ्ट. आम्ही जमिनीवर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत सुईची दिशा काढतो. कपाटाजवळ सुया अशा वळलेल्या दिसतात की जणू कपाट त्यांना हाका मारतंय. मोजायचं असेल तर हॉलच्या मध्यावर, जमिनीपासून वर, प्लॅस्टिकच्या स्टुलावर मोजा. लोकलच्या डब्यात तर होकायंत्र काढूच नका.

ही अडचण फक्त आपली नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातल्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून वाहणारी वीज म्हणजे भोवती चुंबकीय क्षेत्र आलंच, आणि वेधशाळेच्या नाजूक सुयांना ते सहन होणारं नव्हतं. तेव्हाचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय मोजणी खाडीपलीकडे अलिबागला नेली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं. इमारत बांधतानाच चुंबकाला ओढ न लावणारं साहित्य वापरलं. आणि लगेच कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता येतील. ही दोन वर्षांची जोडणी मला फार आवडते. आपण घर बदलताना गॅसचा नंबर बदलायलाही इतका धीर धरत नाही. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये आल्या आणि १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला विजेची रेल्वे धावली. अलिबागची मोजणी आजही चालू आहे आणि ती सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आपल्या नवीन पनवेललाच आहे.

त्याच कुलाब्याच्या वह्यांमध्ये सप्टेंबर १८५९ ची नोंद आहे. सूर्यावर प्रचंड भडका उडाला आणि त्याचं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याच्या माणसांनी डोळ्यांनी आकडे वाचून लिहिले. आडवं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग) खाली घसरलं होतं, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. जगभरातले शास्त्रज्ञ त्या वादळाचा अंदाज बांधताना आजही या मुंबईच्या आकड्यांकडे येतात. मुलांना रोज तारखेसह नोंद करायला का लावते, हे विचारणाऱ्या पालकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

चुंबक मधोमध तोडला तर एक तुकडा उत्तर आणि एक दक्षिण होतो का?

नाही, दोन पूर्ण चुंबक होतात. तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा चुंबकित करा, फडक्यात गुंडाळून पक्कडीने मोडा (चष्मा घालून, मोठ्या माणसाने), प्रत्येक तुकडा सुईजवळ नेऊन बघा. पुन्हा मोडा. एकटा ध्रुव आजवर कुणालाही सापडलेला नाही.

घरातली काही स्टीलची भांडी चुंबकाला चिकटतात, काही नाही. जी चिकटत नाहीत ती चांगली म्हणायची का?

भांडीवाले असं सांगतात खरं. पण चुंबक फक्त पोलादाची जात सांगतो, दर्जा नाही. निकेल असलेल्या नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये अणूंची मांडणी अशी असते की ते चुंबकाला दाद देत नाही. निकेल नसलेलं, नुसतं क्रोमियमचं स्टील चिकटतं. इंडक्शनच्या भांड्यांच्या बुडाशी मुद्दाम चिकटणारं लोखंड किंवा स्टील लावलेलं असतं. गंमत म्हणजे न चिकटणाऱ्या वाटीचा दाबून वळवलेला काठ कधीकधी किंचित चिकटतो, कारण धातू वाकवताना त्या मांडणीत बदल होतो. वाट्यांचे काठ तपासायला लावा, मुलं अर्धा तास स्वयंपाकघरात गुंतून राहतील.

नाणीही बघा. एक आणि दोन रुपयांची हल्लीची स्टीलची नाणी चटकन उचलली जातात, पाचाचं पिवळसर नाणं नाही. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, सोनं, यांपैकी काहीच चिकटत नाही. ‘धातू चुंबकाला चिकटतो’ हे वाक्य वर्गात कुणी म्हटलं की मी पितळेचा लोटा पुढे करते.

तारेतून वीज गेल्यावर सुई वळायला हवी होती, आमची हलली नाही. काय चुकलं?

नव्वद टक्के वेळा तार पूर्व-पश्चिम धरलेली असते. १८२० मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओरस्टेड यांनी हे पाहिलं, तेव्हापासून हा प्रयोग साधा वाटतो, पण तार सुईच्या वर, सुईला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण हवी. तारेभोवतीचं क्षेत्र तारेला आडवं असतं. तार पूर्व-पश्चिम ठेवली तर ते क्षेत्र उत्तर-दक्षिण होतं, सुई आधीच तिकडे बघत असते, मग ती कशाला हलेल? (उलट्या दिशेने वीज सोडली तर कधीकधी गर्रकन पूर्ण फिरते, तेही दाखवा.)

किती वळेल याचा हिशोब नववी-दहावीच्या मुलांना जरूर करायला द्या. तारेतून २ अँपिअर वाहत असतील आणि सुई १ सेंटिमीटर खाली असेल तर तारेचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला (मायक्रो म्हणजे दशलक्षावा भाग) येतं. ठाण्यात पृथ्वीचं आडवं क्षेत्र ३८-३९ मायक्रोटेस्ला. दोघं तुल्यबळ, म्हणून सुई जवळपास ४५ अंशांवर थांबते. एका पेन्सिल सेलने आपण अख्ख्या पृथ्वीशी बरोबरी केली, हे ऐकल्यावर दहावीची मुलंसुद्धा मोबाइल बाजूला ठेवतात. सेल थेट तारेला जोडता तेव्हा तीन-चार सेकंदच जोडा. तार आणि सेल दोन्ही तापतात.

खिळ्याचा विद्युतचुंबक केला, टाचणीही उचलत नाही.

तार वाइंडिंगवाल्याकडून आणली ना? तिच्यावर इनॅमलचा पारदर्शक लेप असतो. दोन्ही टोकं पॉलिशपेपरने घासून तांबं लालसर दिसेपर्यंत खरवडा. तरीही नाही उचलली तर वेढे बघा. अर्धे एका दिशेने आणि अर्धे उलट गुंडाळले असतील तर दोघं मिळून शून्य. शंभरेक वेढे पुरतात. टाचण्या पितळेच्या नाहीत ना, तेही बघून घ्या, मी एकदा फसले आहे.

वीज बंद केल्यावरही खिळ्याला एखादी टाचणी लटकून राहते, ती चूक नाही. मऊ लोखंड चुंबकत्व लगेच सोडतं, पोलाद धरून ठेवतं, आणि बाजारातला खिळा दोघांच्या मधला.

परीक्षेत उजवा हात वापरायचा की डावा?

तारेभोवतीच्या क्षेत्राची दिशा उजव्या हाताच्या अंगठ्याने. तारेवर बसणाऱ्या बलाची दिशा, म्हणजे मोटार, फ्लेमिंगच्या डाव्या हाताने. प्रवर्तित विद्युतधारा, म्हणजे जनित्र, फ्लेमिंगच्या उजव्या हाताने. उजव्या हातात पेन असतं म्हणून मुलं डावाच हात वर करतात आणि मार्क घालवतात. पेन खाली ठेवा.

तांब्याला चुंबक चिकटत नाही, मग तांब्याच्या पाइपमधून चुंबक हळू का पडतो?

हा खेळ आम्ही शेवटच्या रविवारी ठेवतो. एसी बसवणाऱ्यांकडे अर्धा इंची तांब्याच्या पाइपचे तुकडे उरतात, त्यातला हातभर लांब आणि सरळ तुकडा मागून आणायचा. १० मिलिमीटरचा गोल निओडायमियम चुंबक त्यात वरून सोडायचा. आधी तेवढ्याच आकाराची लोखंडी गोळी सोडायची, ती टक्कन खाली. चुंबक मात्र जणू मधात बुडाल्यासारखा येतो. वरून डोळा लावला तर तो भिंतीला न टेकता उतरताना दिसतो.

पडणाऱ्या चुंबकामुळे पाइपच्या प्रत्येक कड्यातलं क्षेत्र बदलतं. बदलत्या क्षेत्राने वीज वाहते, हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. ती वीज स्वतःचं क्षेत्र तयार करते आणि ते चुंबकाच्या पडण्याला विरोध करतं. पाइपला उभी फट पाडली तर ब्रेक कमी होतो, कारण विजेच्या गोल फेऱ्या तुटतात. आणि चुंबक मधेच पूर्ण थांबत का नाही? थांबला तर क्षेत्र बदलायचं थांबेल, वीज थांबेल, विरोध संपेल आणि तो पुन्हा पडेल. हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.

मोबाइलवर क्षेत्र मोजता येतं का?

येतं. बहुतेक स्मार्टफोनमध्ये होकायंत्रासाठी तीन दिशांनी मोजणारा संवेदक असतो. फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप आकडे थेट दाखवतं. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्या, मग मोकळ्या जागेत एकूण आकडा ४३ मायक्रोटेस्लाच्या आसपास यायला हवा. उपवनला तलावाकाठी मोजा आणि घरी फ्रिजशेजारी मोजा. छोटा चुंबक १० सेंटिमीटरवर आणि मग २० सेंटिमीटरवर ठेवून, पृथ्वीचा वाटा वजा करून बघा. अंतर दुप्पट, क्षेत्र सुमारे एक अष्टमांश. निओडायमियम चुंबक फोनला चिकटवू मात्र नका, फोनचं होकायंत्र बिघडतं.

मुलाने छोटा चुंबक गिळला तर?

घरगुती उपाय नाही, केळं खायला घालून वाट बघणं नाही, सरळ हॉस्पिटल. एकापेक्षा जास्त चुंबक किंवा चुंबक आणि लोखंड पोटात गेलं तर आतड्याच्या दोन वळ्यांतून ते एकमेकांना ओढतात, मधली आतड्याची भिंत चेपली जाते आणि भोक पडू शकतं. म्हणून छोट्या चकचकीत चुंबक-गोळ्या वर्गात आणायला बंदी आहे. घरात कुणाला पेसमेकर असेल तर तेही आधी सांगा.

उत्तरेला डोकं करून झोपू नये, त्यामागे चुंबकत्व आहे असं आजी म्हणतात. रक्तातलं लोह ओढलं जातं का?

आजी दक्षिणेकडे पाय करू नयेत म्हणतात ते यमाच्या दिशेमुळे. चुंबकाची पुरवणी नंतर कुणीतरी जोडली. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, लोखंडाच्या किसासारखं सुटं नसतं, आणि चुंबक त्याला ओढून नेत नाही. एमआरआयच्या यंत्रात क्षेत्र दीड टेस्ला असतं, पृथ्वीच्या तीस हजार पटींहून जास्त. तिथे झोपलेल्या माणसाचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. आजींना हे आमच्या नावाने सांगू नका.

पारसिकच्या डोंगरातला दगड चुंबक ओढतो का?

दगड नाही, दगडाची पूड ओढतो. काळ्या कातळाचा तुकडा हातोडीने बारीक करा, पिशवीतला चुंबक फिरवा, काळे कण चिकटून येतील. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय खनिज. पहिल्या जोरदार पावसानंतर येऊरच्या रस्त्याकडेच्या वाळूत तर ते आयतेच मिळतात, ओढ्यानेच दळून दिलेले.

हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना त्यातल्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडून ठेवली. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग थिजला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते, म्हणजे आमच्या पाण्यावरच्या सुईने तेव्हा दक्षिण दाखवली असती. कणांचा कल मोजल्यावर आणखी एक गोष्ट कळली. हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. ध्रुवांची शेवटची अदलाबदल सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वीची. हे ऐकल्यावर ती सहावीतली मुलगी म्हणाली, ‘मग बाई, तेव्हा मुलुंडच बरोबर होतं.’

पुढच्या रविवारी काय आणायचं?

श्रीखंडाचा रिकामा डबा, शिवणाची एक सुई (टोपण लावलेली), घरातली न चिकटणारी एक वाटी आणि कातळाचा बोटभर तुकडा. डबा शक्यतो प्लॅस्टिकचा. स्टीलचा आणलात तर आधी चुंबक लावून बघू.